मोरेल ओळखायची तर उभी चिरून

तुम्ही दोन फोटो पाठवलेत. पहिल्यात पाईनच्या झाडाखाली, वाळूसर मातीत उगवलेली लालसर तपकिरी, मेंदूसारखी गुंडाळी आहे. दुसऱ्यात पानगळीच्या झाडाखाली सापडलेली पिवळट, जाळीदार अळंबी. या दोन्ही म्हणजे मोरेल ही खाण्याची रानअळंबीच ना, असं तुम्ही विचारलंय. शिवाय, ‘खोटी मोरेल निघाली तरी दोनदा उकळून पाणी फेकलं की चालते’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, ते खरं का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देते, कारणं मागून. पहिली खाऊ नका. वरून घेतलेल्या एका फोटोवरून मी कुठल्याच अळंबीचं नाव छातीठोकपणे सांगत नाही, पण ही बहुधा गायरोमित्रा, म्हणजे विषारी खोटी मोरेल आहे, आणि तेवढा संशय ती टाकून द्यायला पुरेसा आहे. दुसरी दिसते मोरेलसारखी. तरी ‘खा’ असं मी म्हणणार नाही, कारण जे बघायचं ते तुमच्या फोटोत आलेलंच नाही. आणि उकळून पाणी फेकण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांच्या घरी मी तरी जेवायला जाणार नाही.

मोरेल म्हणजे हिमालयातली गुच्छी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. शास्त्रीय वंशाचं नाव मोर्चेला. जगभर समशीतोष्ण पट्ट्यात तिच्या कित्येक जाती आहेत आणि त्यांच्या नावांचा घोळ अजून संपलेला नाही. २०१२ मध्ये एकट्या उत्तर अमेरिकेतल्या चौदा जातींना एकदम नवी नावं मिळाली, कारण डीएनए तपासल्यावर कळलं की दिसायला सारख्या असलेल्या पुष्कळ अळंब्या वेगळ्या आहेत. खाणाऱ्याला या घोळाची काळजी करायचं कारण नाही. समोरची अळंबी खरी मोरेल आहे की नाही एवढंच त्याला ठरवायचं असतं. ती कुठली मोरेल हा हौसेचा भाग. म्हणून काळी, पिवळी, जळक्या रानातली असे ढोबळ गट मला पुरतात.

आता टोपी. सगळे आधी टोपीकडेच बघतात आणि फसतातही तिथेच. मोरेलची टोपी म्हणजे खळगे आणि त्यांच्या भोवतीच्या धारा. मधाच्या पोळ्यात कसं, प्रत्येक खण वेगळा असतो, त्याला तळ असतो आणि चारी बाजूंनी भिंत. पिवळ्या गटात हे खण वेडेवाकडे, कसेही पसरलेले असतात. काळ्या गटात धारा साधारण उभ्या, वरून खाली ओळीत येतात आणि वय होईल तशा काळ्या पडतात. खळग्यांच्या आत बीजाणूंच्या सूक्ष्म नळ्या असतात, एकेका नळीत आठ बीजाणू. गायरोमित्राच्या टोपीला खळगेच नसतात. तिथे असतात घड्या. अक्रोडाचा गर आठवा, किंवा ओला कागद मुठीत चुरगळून सोडलेला. ‘खण की घडी?’ हा पहिला प्रश्न. बोट फिरवून बघा: मोरेलवर ते खड्ड्यात पडतं आणि भिंतीला अडतं, गायरोमित्रावर गुळगुळीत वळणावरून घसरत जातं. (हात लावल्याने विष चढत नाही, त्याची भीती नको.)

पण कोवळी मोरेल घट्ट मिटलेली असते, तिचे खळगे नुसत्या चिरांसारखे दिसतात. पावसात भिजून कुजायला लागलेलीच्या धारा झडतात आणि ती लोळागोळा दिसते. उलट काही गायरोमित्रांच्या घड्या इतक्या दाट असतात की लांबून जाळी वाटावी. म्हणून टोपीवर थांबायचं नाही, चिरायचं.

भेंडीत अळी आहे का बघायला आपण ती उभी चिरतो ना, तशीच अळंबी शेंड्यापासून देठाच्या बुडापर्यंत मधोमध चिरायची. आडवी कापली तर उपयोग नाही, आणि देठ जमिनीत सोडून नुसती टोपी खुडून आणली तर मुळीच नाही. खऱ्या मोरेलचे दोन भाग उघडले की आत एकच सलग पोकळी दिसते. टोपीची पोकळी आणि देठाची पोकळी यांच्यात पडदा नाही, कापूस नाही, गर नाही. साच्यातून काढलेल्या पोकळ खेळण्यासारखं. भिंत पातळ, आतून पांढरट, थोडी खरखरीत. आणि टोपीची खालची कड देठाला जोडलेली असते, दोन्ही जणू एकाच तुकड्यातून घडवल्यासारखी. काळ्या गटात या जोडाच्या जागी बारीकशी खाच दिसते, जेमतेम दोन-चार मिलिमीटरची. ती बघून घाबरू नका, पण जोड आहे की नाही ते नखाने चाचपून बघा.

नवशिके आणखी एका गोष्टीने गोंधळतात. मोठ्या, जुन्या मोरेलच्या बुडाशी देठाची भिंत आत वळून दुहेरी होते आणि तिथे लहान लहान कप्पे झाल्यासारखे दिसतात. बुडाशी तेवढं चालतं. कप्पे वरपर्यंत चढलेले असतील, टोपीच्या आतही घड्या आणि पोकळ्यांचा भूलभुलैया असेल, तर मात्र ती मोरेल नव्हे.

मी सगळ्यांना सांगते की प्रत्येक अळंबी चिरा. एक चिरली, बाकीच्या तशाच दिसतात, असं नाही. हे मी स्वतःच्या टोपलीवरून शिकले. फार वर्षांपूर्वी एका ओढ्याकाठी तीसेक काळ्या मोरेल मिळाल्या. सगळ्या एकाच उतारावर, एकाच रंगाच्या. घरी येऊन धुताना एकीची टोपी हातातच फिरली, बाटलीचं झाकण फिरावं तशी. ती व्हर्पा होती, मोरेलसारखी दिसणारी दुसरीच अळंबी. काढताना मी वीसेक अळंब्या पाहून घेतल्या होत्या आणि मग घाई केली होती. त्या दिवसापासून सुरी खिशात असते आणि चिरलेलीच टोपलीत जाते. यात आणखी एक फायदा आहे: पोकळीत गोम, गोगलगाय, मुंग्या, काय वाटेल ते बसलेलं असतं, ते तिथेच बाहेर पडतं.

आता गायरोमित्रा, कारण माणसं मरतात ती बहुतेक हिच्यामुळे. सगळ्यात कुप्रसिद्ध जात गायरोमित्रा एस्क्युलेंटा. लॅटिनमध्ये ‘एस्क्युलेंटा’ म्हणजे खाण्याजोगी! १८०० साली हे नाव ठेवणाऱ्या पर्सूनच्या काळी ती युरोपात सर्रास खाल्ली जायची. गंमत म्हणजे खऱ्या मोरेलच्या एका प्रसिद्ध जातीचंही दुसरं नाव हेच: मोर्चेला एस्क्युलेंटा. तेव्हा ‘नावातच खाण्याजोगी लिहिलंय’ हा युक्तिवाद कुणी केला तर त्यात काही अर्थ नाही.

गायरोमित्रा वसंतातच उगवते, मोरेलच्या थोडी आधी किंवा बरोबरीने. पाईनसारख्या सूचिपर्णी झाडांखाली, वाळूसर जमिनीत, रस्ता काढताना किंवा झाडं पाडताना उकरलेल्या मातीत ती दिसते. रंग विटकरी ते गडद तपकिरी. टोपी ओबडधोबड, एका बाजूला कललेली, देठाला इथेतिथे चिकटलेली. देठ जाड, आखूड, कधी खोबणी पडलेला. चिरलं की आत कप्पे, घड्या, किंवा कापसासारखा भरीव गर. पण इथे एक सावधगिरी: एस्क्युलेंटाचा देठ पूर्ण वाढल्यावर बराच पोकळ होऊ शकतो. ‘आतून पोकळ म्हणजे मोरेल’ एवढंच पाठ केलेला माणूस नेमका इथे फसतो. खळगे, सलग एकच पोकळी आणि टोपीचा खालचा जोड, या तिन्ही खुणा एकत्र पटल्या पाहिजेत. दोन पटल्या आणि तिसरी नाही, तर उत्तर ‘नाही’.

विषाचं म्हणाल तर त्याचा इतिहासही फसवा आहे. १८८५ मध्ये हेल्व्हेलिक आम्ल नावाचा पदार्थ दोषी ठरवला गेला आणि कित्येक दशकं पुस्तकांत तेच छापलं जात होतं. खरा दोषी गायरोमिट्रिन, तो १९६० च्या दशकात सापडला. पोटातल्या आम्लात गायरोमिट्रिन फुटतं आणि त्यातून शेवटी मोनोमिथिलहायड्रॅझिन तयार होतं. हाच पदार्थ अवकाशयानांच्या इंजिनांत इंधन म्हणून वापरतात. शरीरात तो बी-६ जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतो. मेंदूला शांत ठेवणारं गाबा हे रसायन बनायला बी-६ लागतं. ते कमी पडलं की झटके येतात. यकृतावर घाला पडतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणूनच रुग्णालयात अशा रुग्णाला झटक्यांसाठी पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, शिरेतून देतात. घरी बी-६ च्या गोळ्या खाऊन हे निभत नाही.

आता उकळण्याचं. मोनोमिथिलहायड्रॅझिन साधारण ८७ अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे पाण्याच्या आधी. त्यामुळे भांडं उघडं ठेवून भरपूर पाण्यात उकळलं की बरंच विष वाफेबरोबर उडतं, काही पाण्यात उतरतं. फिनलंडमध्ये ही अळंबी आजही विकली जाते, पण सोबत इशारा आणि कृतीचं पत्रक द्यावं लागतं: भरपूर पाण्यात दोनदा उकळा, प्रत्येक वेळी पाणी फेका, धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. खिडक्या कशाला? कारण ती वाफ हुंगून स्वयंपाक करणारा माणूस आजारी पडू शकतो. तुम्हाला मिळालेला सल्ला बहुधा इथून निघाला आणि तोंडातोंडी त्यातला इशारा गळून गेला.

उकळल्याने विष कमी होतं, संपतं असं नाही. किती उरलं ते घरी मोजता येत नाही. शिवाय विषाचं प्रमाण जातीप्रमाणे, जागेप्रमाणे बदलतं आणि माणसामाणसाची सहनशक्तीही वेगळी. एकाच भांड्यातलं खाऊन एकाला काहीच होत नाही आणि दुसरा रुग्णालयात जातो, असं नोंदलं गेलंय. काहीच न होणं आणि गंभीर विषबाधा यांतलं अंतरही फार कमी. म्हणून ‘आम्ही वर्षानुवर्षं खातोय’ हा पुरावा मी मानत नाही. त्यात भर म्हणून, फ्रेंच आल्प्समधल्या मोंशावां या लहानशा गावात एएलएस या जीवघेण्या मज्जाविकाराचे रुग्ण अनपेक्षितपणे जास्त सापडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी बोट दाखवलं ते गायरोमित्राकडे: आजारी पडलेले लोक ती खात आले होते, तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक खात नव्हते. एवढ्या लहान संख्येवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. मला मात्र ताटातून ती काढायला एवढं पुरतं.

गायरोमित्राच्या काही जातींत, उदाहरणार्थ थोराड, फिक्या गायगासमध्ये, गायरोमिट्रिन सापडलेलं नाही किंवा फारच कमी सापडलंय आणि काही अनुभवी लोक त्या खातात. तो वाद तुम्ही आत्ता डोक्यात घेऊ नका. जी दोघींतला फरक फोटोवरून विचारते, तिने त्या वाटेला जायचं नाही.

व्हर्पाकडे येऊ. हिला ‘लवकरची मोरेल’ म्हणतात, कारण खऱ्या मोरेलच्या आठवडा-दोन आठवडे आधी उगवते. व्हर्पा बोहेमिकाची टोपी सुरकुतलेली, मोरेलच्या कोवळ्या टोपीसारखी. पण ती देठाच्या अगदी टोकाला, एकाच बिंदूवर टेकलेली असते आणि बाकी सगळी घागऱ्यासारखी मोकळी लोंबते. शिवणाऱ्याच्या बोटावरचं अंगुस्तान असतं तसं. खालून बघितलं तर टोपी आणि देठ यांच्यामध्ये थेट वरपर्यंत आरपार जागा. कोवळ्या देठात कापसासारखे धागे भरलेले असतात. जुना झाला की तेही विरतात आणि देठ पोकळ होतो, म्हणून इथेही पोकळीवर नव्हे तर टोपीच्या जोडावर विश्वास ठेवायचा. सूक्ष्मदर्शक असेल तर शंकाच राहत नाही: मोरेलच्या नळीत आठ बीजाणू, हिच्या नळीत फक्त दोन, पण केवढे अवाढव्य, मोरेलच्या बीजाणूच्या दोन-तीन पट लांब. तिची सुळसुळीत टोपीची बहीण व्हर्पा कोनिका, ती कुणाला मोरेल वाटत नाही.

व्हर्पा खाणारेही आहेत. काहींना पचते, काहींना पोटदुखी होते, आणि जास्त खाल्ली किंवा लागोपाठ काही दिवस खाल्ली तर चालताना तोल जातो, हातापायांवरचा ताबा सुटतो. मी खात नाही आणि कुणाला खायला सांगत नाही.

मात्र व्हर्पाच्या भीतीने एक चांगली अळंबी लोक फेकून देतात: अर्धमोकळी मोरेल. तिची टोपी लहानशी, देठ लांबलचक, आणि टोपीची खालची अर्धी बाजू मोकळी लोंबते. चिरलं की दिसतं, टोपी देठाला निम्म्यावर जोडलेली आहे, टोकाला नाही. आणि आत पोकळी सलग, कापूस नाही. ही खरी मोर्चेलाच. चवीला जरा फिकी आणि पटकन मोडणारी, पण खाण्याजोगी. पहिल्या एक-दोन हंगामांत हीसुद्धा सोडली तरी फार काही हातचं जात नाही.

दुर्गंधी अळंबीबद्दल फार लिहीत नाही. फॅलस वंशातल्या अळंब्यांच्या टोपीवर आधी हिरवट काळा चिकटा असतो, मेलेल्या उंदरासारखा वास आणि घोंगावणाऱ्या माश्या. तेव्हा कुणी फसत नाही. फसतात ते पावसाने चिकटा धुऊन गेल्यावर: खाली पांढरट जाळीदार टोपी उरते आणि ती दुरून अगदी मोरेल वाटते. बुडाशी माती उकरा. फाटलेल्या अंड्याच्या कवचासारखी पिशवी आणि आत बुळबुळीत गर सापडेल. मोरेलला अशी पिशवी कधीच नसते. शिवाय बहुतेक ठिकाणी या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किंवा शरदात येतात. हेल्व्हेला म्हणजे खोगिराच्या आकाराच्या टोपीच्या अळंब्या. खळगे नाहीत, देठ बऱ्याचदा खोल खोबण्यांचा. त्याही सोडा.

कुठे आणि केव्हा उगवते यावरून जात ठरवू नका, पण संशय घ्यायला ही माहिती फार कामाची. रात्री उबदार होऊ लागल्या आणि जमिनीचं तापमान साधारण १० अंश सेल्सियसला पोचलं की मोरेल सुरू होतात. काळ्या आधी, पिवळ्या मागून. नुकतेच वाळलेले एल्म, ॲश, जुनी सफरचंदाची झाडं, नदीकाठचे पॉप्लर, आणि सूचिपर्णी रानात वणवा गेल्यानंतरचा पहिला वसंत. जळक्या रानात तर कधी कधी इतक्या येतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. तेव्हा ऐन शरदात कुणी मोरेल सापडली म्हणून सांगितलं तर मी आधी फॅलसचा विचार करते. पण उलटं चालत नाही: एल्मखाली वसंतात सापडली म्हणून ती मोरेल ठरत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोखाली तुम्ही तसंच काहीसं लिहिलं होतं.

जागेबद्दल आणखी एक. अळंब्या जमिनीतले जड धातू शोषतात. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशकं लेड आर्सेनेट फवारलं जायचं. त्यावर अधिकृत बंदी आली ती १९८८ मध्ये. शिसं आणि आर्सेनिक कुजून जात नाहीत, मातीतच राहतात. अशा जुन्या बागांतल्या मोरेलमध्ये ते सापडलेत. ओळख शंभर टक्के बरोबर असली तरी जुनी फवारलेली बाग, रेल्वेमार्गाची कड, वर्दळीच्या रस्त्याचा काठ, तणनाशक मारलेली हिरवळ इथली अळंबी मी उचलत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. समजा सगळ्या खुणा पटल्या, अळंबी खरी मोरेल निघाली. तरी ती कच्ची विषारीच आहे. १९९१ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला एका मेजवानीत कच्च्या मोरेल घातलेलं सॅलड होतं. ४८३ पाहुण्यांपैकी ७७ आजारी पडले. २०२३ मध्ये अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या बोझमन शहरात एका उपाहारगृहात जेवलेले ५१ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. तिथे ओळख चुकली नव्हती. त्या लागवडीच्या, खऱ्याखुऱ्या मोरेल होत्या. एका दिवशी त्यांच्यावर उकळता मसालेदार द्रव ओतून ठेवला होता, दुसऱ्या एका दिवशी थंडच. थंड, कच्च्या वाढल्या त्या दिवशी जास्त लोक आजारी पडले. नेमकं कुठलं विष हे करतं ते अजून पक्कं ठरलेलं नाही, पण नीट शिजवल्यावर धोका फार कमी होतो हे उघड आहे.

म्हणून मोरेल पूर्ण शिजवायची. निदान पंधरा मिनिटं, आतपर्यंत वाफ जाईल अशी. नुसती परतून कडा तांबूस केल्या, वरून गरम रस ओतला, याला शिजवणं म्हणत नाहीत. वाळवणं म्हणजेही शिजवणं नव्हे: वाळलेली मोरेल भिजवली की ती पुन्हा कच्चीच. भिजवलेलं पाणी चवदार असतं, पण तेही उकळल्याशिवाय वापरायचं नाही.

शिजवली तरी पोटभर खायची नाही. फ्रान्समधल्या विषबाधा केंद्रांनी १९७६ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा मोरेल खाल्ल्यानंतर चक्कर, थरथर, तोल जाणं अशी मज्जासंस्थेची लक्षणं झालेले १२९ जण सापडले. साधारण बारा तासांनी सुरू होऊन ती आपोआप बरी झाली, पण यातल्या अनेकांनी भरपूर खाल्ली होती आणि काहींनी तर नीट शिजवूनही. मी पहिल्यांदा खाणाऱ्याला एक-दोन अळंब्या देते, दुसरं काही नवं त्या दिवशी नाही, आणि मद्य नाही. मोरेलबरोबर मद्य घेतल्यावर पोट बिघडल्याच्या तक्रारी मी अनेकांकडून ऐकल्यात, त्यातही काळ्या मोरेलच्या जास्त.

वाळलेल्या मोरेल विकत घेत असाल तरी तपासणी चुकत नाही. वाळल्यावर सगळ्या सुरकुततात, म्हणून कोरड्या ढिगाकडे बघून काही कळत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, फुगू द्या, मग ताज्यासारखीच एकेक उभी चिरा. देठ कापून नुसत्या टोप्या विकत असतील तर जोड बघायलाच मिळत नाही. तो माल मी घेत नाही.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते, या सगळ्या थापा आहेत. गायरोमित्रात अळ्या मजेत राहतात. आणि फोटोवरून नाव सांगणारी मोबाइल ॲप्स मीसुद्धा कुतूहलाने वापरते, पण ती टोपी बघतात. पोटात काय आहे ते त्यांना कुठून कळणार?

खाल्लं गेलंच असेल तर घड्याळ बघा. कच्च्या मोरेलचा त्रास बहुधा लवकर सुरू होतो. गायरोमित्राची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा येतात: मळमळ, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, डोकेदुखी, गुंगी. उशिरा सुरू होणारा त्रास हा जास्त धोक्याचा समजायचा. एक-दोन दिवसांनी जरा बरं वाटतं आणि त्याच सुमारास यकृत बिघडायला लागलेलं असतं. बरं वाटण्याची वाट बघत घरी बसू नका, मुद्दाम उलटी काढू नका, थेट रुग्णालयात जा. शिजवलेलं उरलं असेल ते, कच्चे तुकडे, साफ करताना कापून टाकलेली देठं, कचऱ्यातून काढावी लागली तरी, कागदात गुंडाळून बरोबर न्या. डॉक्टरांना ‘मोरेल खाल्ली’ असं सांगू नका. ‘मोरेल समजून रानातली अळंबी खाल्ली’ असं सांगा. या दोन वाक्यांनी त्यांच्या तपासण्या बदलतात.

आता तुमच्या दोन अळंब्या. पहिली कुजत टाका किंवा शिकण्यासाठी ठेवा, पण कागदावर ‘विषारी’ लिहून, खाण्याच्या अळंब्यांपासून लांब. टाकण्याआधी ती उभी चिरून दुसरीच्या शेजारी ठेवा आणि दोन्ही नीट न्याहाळा. असा जोड एकाच दिवशी हाती लागणं नशिबाचं. दुसरीचे तीन फोटो मला पाठवा: शेंड्यापासून बुडापर्यंतचा उभा छेद, टोपीची खालची कड जवळून, आणि मातीसकट देठाचं बूड. जितक्या सापडल्या तितक्या सगळ्या चिरून एका ओळीत मांडा, एकच निवडून पाठवू नका. तोवर त्या कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर दोन दिवसांत घाम येऊन सडतील, मग मलाही काही सांगता येणार नाही.